डोकं की शेपूट?

पित्ताशय काढलं आणि आठवड्यात बाबा पुन्हा दादरच्या भाजीबाजारात! आता याचं कुणाला अप्रूप नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात भारतात झाली तीही आपल्याच भायखळ्यात, जे. जे. रुग्णालयात, १९९० मध्ये, डॉ. तेहेम्टन उडवाडियांच्या हातून. तेव्हापासून 'छोटी छिद्रं म्हणजे छोटं ऑपरेशन' हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र जरा थांबा.

जठरामागे आडव्या पडलेल्या या अवयवाला डोकं आणि शेपूट असतं. गाठ कुठे आहे, यावर सगळा खेळ. शेपटीकडची असेल तर तेवढा भाग कापून टोक बंद करायचं. इथे दुर्बीण मस्त चालते. नेदरलँड्समधल्या 'लेपर्ड' चाचणीत (निकाल २०१९) असे पेशंट साधारण ४ दिवसांत सावरले. पोट उघडलेल्यांना ६ लागले.

डोक्याकडची गाठ म्हणजे व्हिपल ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, एवढं सगळं काढायचं आणि तीन नवे जोड शिवायचे. त्यातला स्वादुपिंडाचा जोड गळला तर तो पाचक रस आजूबाजूच्या रक्तवाहिन्याच कुरतडायला लागतो. पोटावरचा व्रण केवढा, हा प्रश्न तेव्हा कुणालाच सुचत नाही.

कोइम्बतूरच्या २०१७ च्या चाचणीत ६४ पेशंट होते. दुर्बीणवाले ७ दिवसांत घरी, बाकीचे १३. खूश? मग २०१९ ची 'लेपर्ड-२' बघा. गुंतागुंतीमुळे ९० दिवसांत दुर्बिणीच्या ५० पैकी ५ जण दगावले, पोट उघडलेल्या ४९ पैकी १. आकडे लहान, फरक पक्का म्हणता येणार नाही. पण चाचणी मध्येच थांबवली गेली. चीनमध्ये २०२१ मध्ये, प्रत्येकी किमान १०४ दुर्बीण-व्हिपल केलेल्या सर्जन्सनी हेच केलं, तेव्हा धोका सारखाच निघाला. वाचला किती? एक दिवस!

परळच्या टाटा मेमोरियलने २०१३ मध्ये आपला व्हिपलचा हिशेब छापला. त्यात निकाल सुधारल्याचं श्रेय कामाच्या नव्या मांडणीला होतं, यंत्राला नाही.

तेव्हा घरातल्या कुणावर ही वेळ आली, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना बिनधास्त विचारा: गाठ डोक्यात की शेपटीत? तुमची टीम वर्षाला किती व्हिपल करते? त्यातली दुर्बिणीतून किती? आणि जोड गळला, तर रात्री दोन वाजता कोण असतं?