मोठी फाइल कुठं कापावी?

आजचा विषय संगणकाचा आहे, पण त्यातला प्रश्न तत्त्वज्ञानाला जुनाच आहे. एका अवाढव्य गोष्टीचे भाग पाडायचे, तर कोणत्या कसोटीवर?

कंपायलर म्हणजे एका भाषेतला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत, बहुधा यंत्राच्या भाषेत, उतरवणारा प्रोग्रॅम. तोही माणसांनीच फाइलींमध्ये लिहिलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टचा कंपायलर घ्या. त्यातली 'चेकर' नावाची एकच फाइल वाढत वाढत ५०,०००हून अधिक ओळींची झाली. कुणीही म्हणेल, मग तोडा की!

अडचण अशी, की त्यातला जवळजवळ सगळा मजकूर एकाच मोठ्या फंक्शनच्या पोटात आहे. आतली असंख्य छोटी फंक्शनं एकाच सामाईक साठ्यातून वाचतात, त्यातच लिहितात. आपल्याकडं भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा काय होतं? बांध घालणं सोपं असतं, पण विहीर एकच असते. पाण्याची पाळी आणि विहिरीकडची वाट कागदावर आली नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात भांडण. तसंच इथं. फाइली दहा केल्या आणि दहाही त्याच साठ्यात हात घालत राहिल्या, तर गुंता सुटला नाही, नुसता पसरला.

मग तोडूच नये का? तसंही नाही. जीसीसी हा दुसरा प्रसिद्ध कंपायलर. आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांनी त्याची आतली रचना उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत. त्यात 'मॅच' नावाची नियमांची एक फाइल आहे. तिच्यापासून यंत्रच एक प्रचंड फाइल तयार करायचं, आणि जीसीसी बांधताना बाकीची कामं संपली तरी त्या एका फाइलीसाठी थांबावं लागायचं. २०२३मध्ये तिचे सरसकट दहा तुकडे करण्याची सोय झाली. कामं समांतर चालू लागली. पण बघा, कापली ती यंत्रानं लिहिलेली फाइल. माणूस वाचतो ती नियमांची फाइल एकच राहिली.

इथं दोन कसोट्या वेगळ्या होतात. यंत्रासाठी कापायचं तर वजनावर कापलं तरी चालतं. माणसासाठी कापायचं तर सांधा शोधावा लागतो. डेव्हिड पार्नास यांनी १९७२च्या निबंधात हा सांधा सांगितला: कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडू नका, पुढं बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. म्हणजे तो निर्णय बदलला तरी शेजाऱ्याला हात लावावा लागत नाही. विहीर कुणाची, हे आधी ठरवा, बांध नंतर.

आणखी एक गोष्ट हरवू शकते, ती म्हणजे संदर्भ. महानुभाव परंपरेत केसोबासांनी लीळाचरित्रातली चक्रधरस्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला, चिंतनाला ते उत्तम झालं. पण कोणतं वचन कोणत्या प्रसंगी निघालं, हे सांगायला पुढं 'प्रकरणवश' लिहावे लागले. फाइल तोडतानाही तेच होतं. प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली याची नोंद असते. ओळी हलवल्या, की वरवर पाहणाऱ्याला फक्त हलवणाऱ्याचं नाव दिसतं. म्हणून शहाणी मंडळी एक पथ्य पाळतात: आधी ओळी नुसत्या हलवायच्या आणि तशी नोंद करायची, सुधारणा नंतर, वेगळ्या नोंदीत. दोन्ही एकदम केलं, तर नेमकं काय बदललं हे तपासणाऱ्यालाही कळत नाही.

एवढी चिकित्सा कशासाठी? असे बरेच कंपायलर सर्वांना खुले आहेत. जिंतूरसारख्या गावातल्या एखाद्या मुलीला त्यातली चूक दुरुस्त करावीशी वाटली, तर तिला कुणाची परवानगी नको, पैसा नको. फक्त वाचता आलं पाहिजे. दारातच ५०,००० ओळी असतील तर ती परत फिरेल. आणि दहा तुकड्यांत विखुरलेला गुंता असेल, तरीही परतच फिरेल. म्हणून फाइल कापण्याआधी एवढंच विचारावं: हा एक तुकडा हातात घेतला, तर बाकीचे न उघडता तो समजेल का? 'हो' असं उत्तर आलं, तर खुशाल कापा.