भाताच्या खाचरातून आफ्रिकेला

बसा सगळे बांधावर आणि खाचराकडं बघा. भात निसवलाय, तोरण्याचा माथा ढगांतून मोकळा झालाय आणि लोंब्यांवर चतुरांची नुसती झुंबड उडालीय. तुम्ही पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणता. त्यांतला तो पिवळसर सोनेरी, तांबूस डोळ्यांचा, जो बसायचं नावच घेत नाही, तो नीट ओळखून ठेवा. आजची गोष्ट त्याची.

त्याआधी एका म्हाताऱ्याचं सांगतो. अलेक्झांडर डोबा, पोलंडचा इंजिनिअर. वयाच्या ६४व्या वर्षी, २०१० साली, हा एकटा कयाक घेऊन अटलांटिक महासागरात उतरला. कयाक म्हणजे अरुंद होडी, आणि वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं. आफ्रिकेतल्या सेनेगलहून निघाला तो ९९ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. पुढं आणखी दोनदा त्यानं तो महासागर ओलांडला, शेवटच्या वेळी तर सत्तरीत. केवढी छाती लागत असेल! पण त्याच्या होडीत खारं पाणी गोडं करायचं यंत्र होतं, दिशा दाखवणारं उपकरण होतं, अंग टाकायला जागा होती.

या चतुराचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आणि तोही समुद्र ओलांडतो.

हे लक्षात आलं कसं, ते ऐका. चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत होते. दर ऑक्टोबरात तिथं हजारोंनी हेच चतुर येत. आता मालदीव म्हणजे पोवळ्यांची बेटं. पाऊस पडला की जिरून जातो, तळी-ओढे जवळपास नाहीतच. चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यातच वाढतात. मग हे आले कुठून? तिथली माणसंही आपल्या शेतकऱ्यांसारखी नक्षत्रं मोजतात, आणि आपल्या स्वातीच्या सुमारास येणारा म्हणून या पाहुण्याला त्यांनी नक्षत्राचंच नाव दिलंय. म्हणजे ही ये-जा जुनीच. कन्याकुमारीपासून माले सहाशे किलोमीटरच्या पुढं, मध्ये नुसतं पाणी. त्यात गंमत अशी की त्या दिवसांत बेटांवर वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे समोरून.

उत्तर वर होतं. जमिनीपासून किलोमीटरभर उंच गेलं की तोच वारा फिरतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. चतुर तिथवर चढतो आणि त्या वाऱ्यावर स्वार होतो. त्याचे मागचे पंख बघा, बुडाशी किती रुंद आहेत! सारखं फडफडायला नको, तरंगत जाता येतं. पंखाच्या टोकाजवळ तो तांबूस ठिपका दिसतोय ना? तो नक्षीसाठी नाही. त्या इवल्याशा वजनानं तरंगताना पंख थरथरत नाही. वाटेत चिलटं मिळाली की उडता उडताच खाणं.

मालदीवहून पुढं आफ्रिका अडीच-तीन हजार किलोमीटर. अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर तिथवर जातात. नेमका तेव्हा तिकडं पाऊस सुरू झालेला असतो. डबक्यांत अंडी पडतात, पिल्लं वाढतात, ती पावसामागं पुढं सरकतात, आणि मे-जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन वंशज भारताकडं वळतात. सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, चार पिढ्यांत मिळून. निघालेला स्वतः परतत नाही. येतात ती त्याची पतवंडं. मिरगाच्या आधी दिसणारा चातकही आफ्रिकेतूनच येतो, आणि आमूर ससाणा नोव्हेंबरात अरबी समुद्र ओलांडतो तो चतुर निघतात त्याच सुमारास. त्याला वाटेत शिदोरी लागते, ती हे चतुरच पुरवत असावेत.

एवढ्याशा जिवाला यंत्र बांधून त्याचा सगळा प्रवास अजून कुणी टिपलेला नाही. पण पुरावा पंखातच सापडला. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्यातला हायड्रोजन त्याच्या पंखात उतरतो, आणि प्रदेशागणिक पावसाच्या पाण्यात हलक्या-जड हायड्रोजनचं प्रमाण वेगळं असतं. मालदीवच्या चतुरांचे पंख तपासले, तेव्हा २०१२ साली कळलं की ते भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातल्या पाण्यात वाढलेले होते.

आता हे धांड बघा. त्याला चिकटलेली ही वाळकी, पाठीवर उभी फाटलेली कात. याच पाण्यात चाळीस-पन्नास दिवस डासांच्या अळ्या खाऊन पिल्लू मोठं झालं, एका रात्री धांडावर चढलं आणि पंख घेऊन बाहेर आलं. त्याला एवढं गुडघाभर पाणी पुरतं, पण त्यात विष नको.

तेव्हा पोरांनो, चतुर पकडून शेपटाला दोरा बांधू नका. आणि घरी सांगा, खाचरात पाणी असताना औषध मारायचं झालंच, तर आधी वाकून त्या पाण्यात काय पोहतंय ते बघा.