दहाला दहा जुळेना, दहाला नऊ जुळे!

पाऊस ओसरला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर घाटांची नावं फिरायला लागतात. कात्रज, खंबाटकी, पसरणी, आंबेनळी. त्यात कुणी ब्रेव्हेची, म्हणजे बीआरएमची तयारी करत असेल तर चढ टाळून चालतच नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे आणि सोबत बॅग, पाणी, पंक्चरचं सामान वाहायचं. रोड बाइकवाल्यांची तक्रार मग ठरलेली असते : चढ अजून बाकी आहे आणि गिअर संपले!

उपाय सोपा वाटतो. मागे मोठी कॅसेट टाकायची आणि ती पेलण्यासाठी माउंटन बाइकचा रिअर डिरेलर घ्यायचा. शिफ्टर मात्र आहेत तेच ठेवायचे, कारण ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले ते लीव्हर महाग असतात. शिफ्टर शिमानोचा दहा स्पीडचा, डिरेलरही शिमानोचा दहा स्पीडचा. मग जुळणारच की!

नाही जुळत. गंमत म्हणजे, जुन्या पिढीच्या त्याच शिफ्टरला नऊ स्पीडचा माउंटन डिरेलर मात्र छान जुळतो. खोक्यावरचा ‘स्पीड’चा आकडा बघून खरेदी केली की पॉकेटमनी इथेच वाया जातो.

एका क्लिकमध्ये काय होतं?

शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एसमध्ये एसआयएस ही पद्धत आणली आणि ‘टक’ झालं की एक गिअर, हे समीकरण रूढ झालं. प्रत्येक क्लिकला शिफ्टर ठरावीक मिलिमीटर केबल ओढतो. डिरेलर त्या ओढीला एका ठरावीक गुणोत्तराने वाढवतो आणि तेवढा बाजूला सरकतो. हे सरकणं कॅसेटच्या दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं असलं की गिअर नीट पडतो.

आता आकडे बघू. दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये हे अंतर सुमारे ३.९५ मिमी असतं. शिमानोचा जुना दहा स्पीड रोड शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.३ मिमी केबल ओढतो आणि त्याच्या जोडीच्या डिरेलरचं गुणोत्तर १.७ असतं. २.३ गुणिले १.७ म्हणजे ३.९. जमलं!

दहा स्पीडच्या माउंटन डिरेलरचं गुणोत्तर मात्र १.२ आहे. २.३ गुणिले १.२ म्हणजे जेमतेम २.८. प्रत्येक क्लिकला सव्वा मिलिमीटरच्या आसपास कमी पडतं आणि तिसऱ्या क्लिकला चेन जवळपास अख्खी एक चकती मागे राहते. कितीही ट्युनिंग करा, हे सुटत नाही. दोष मेकॅनिकचा नसतो, गणिताचा असतो. नऊ स्पीडच्या जुन्या माउंटन डिरेलरचं गुणोत्तर १.७ च आहे, म्हणून तो दहाच्या शिफ्टरला चालतो. तो किती स्पीडचा आहे हे त्याला कळतच नाही, त्याला फक्त केबलची ओढ कळते.

तुमच्याकडे कोणता शिफ्टर?

शिमानोचे जुने ७, ८ किंवा ९ स्पीड (टूर्नी, क्लॅरिस, सोरा) : तुम्ही नशीबवान. यांच्या रोड आणि माउंटन डिरेलरचं गुणोत्तर सारखंच आहे. मात्र २०२३ मध्ये आलेल्या क्यूजची ओढ वेगळी आहे. तिचा नऊ स्पीडचा डिरेलर सोराच्या शिफ्टरला लावू नका.

टियाग्रा ४६००, १०५ ची ५७०० मालिका : नऊ स्पीडचा माउंटन डिरेलर घ्या. कॅसेट दहाचीच राहील.

टियाग्रा ४७०० : हीसुद्धा दहा स्पीडचीच, पण ओढ अकरा स्पीडच्या घराण्यातली. तिला जीआरएक्स ४०० चा डिरेलर जुळतो. तो ३६ दातांपर्यंत जातो.

स्रॅम दहा स्पीड : इथे रोड शिफ्टर आणि दहाचाच माउंटन डिरेलर एकमेकांना जुळतात.

मॉडेल नंबर लीव्हरवर किंवा डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. पुसला गेला असेल तर केबल सोडा, हाताने ताणून धरा, एक खूण करा, पाच-सहा क्लिक द्या आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजून भागाकार करा.

मग दातांचा हिशेब

केबल जुळली तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, डिरेलर सर्वांत मोठी किती दातांची चकती पेलतो. दुसरी, तो किती ढिली चेन गोळा करू शकतो, म्हणजे त्याची कपॅसिटी. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३६ असेल तर ५० वजा ३४ म्हणजे १६, ३६ वजा ११ म्हणजे २५. एकूण ४१. डिरेलरची कपॅसिटी निदान एवढी हवी, म्हणजे लांब केजवालाच घ्यावा लागतो.

चेनही नव्याने मोजून घ्या. जुनी आखूड चेन मोठ्या कॅसेटवर तशीच ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठी चकती पडली तर डिरेलर ताणला जातो, हँगर वाकतो किंवा तुटतो. भर घाटात डिरेलर स्पोकमध्ये गेला तर पडायची वेळ येते. पैसे वाचवायचे तर इथे नका वाचवू.

एवढा खटाटोप कशाला?

पुढे ३४, मागे २८ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.५५ मीटर पुढे जाते. मागे ३६ असेल तर जेमतेम २ मीटर. ताशी ६ किलोमीटरने चढताना पहिल्या सेटअपवर मिनिटाला ३९ फेऱ्या पडतात, दुसऱ्यावर ५०. वेग तोच, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावरचा जोर कमी. आठव्या-नवव्या तासाला घाट लागला की या ११ फेऱ्यांची किंमत कळते.

न जुळणारा पार्ट आधीच घेतलाय?

लगेच विकायला काढू नका. वुल्फ टूथ टॅनपॅन किंवा जेटेक शिफ्टमेटसारखी छोटी पुली केबलची ओढ बदलून देते. तुमच्या जोडीसाठी कोणतं मॉडेल लागतं, तेवढं तपासून घ्या. क्लिक नसलेला फ्रिक्शन शिफ्टर लावला तर जवळपास कुठलाही डिरेलर चालतो, फक्त गिअर अंदाजाने टाकायची सवय करावी लागते.

आणि अजून काहीच घेतलं नसेल तर फोनमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवा : शिफ्टरचा मॉडेल नंबर, हवी असलेली सर्वांत मोठी चकती आणि लागणारी कपॅसिटी. दुकानदाराला ‘दहा स्पीडचा द्या’ म्हणण्याऐवजी या तीन गोष्टी दाखवा.