थायरॉईड: रिपोर्ट समजून घ्या, गोळी मनाने बंद करू नका

“तिला थायरॉईड झालाय म्हणे!” हे वाक्य आजकाल निकाहच्या बोलणीत, बाळंतपणाच्या वेळी, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येतं. आमच्या केनवडसारख्या गावातही. आणि ते बहुतेक वेळा दबक्या आवाजात बोललं जातं, जणू त्या मुलीचीच काही चूक आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

पहिली गोष्ट, थायरॉईड हे आजाराचं नाव नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला लागून, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते. तिचं हे नाव. ती आपल्या प्रत्येकाला असते. ही ग्रंथी अन्नातलं आयोडीन घेऊन दोन हार्मोन तयार करते, टी-४ आणि टी-३. शरीराने किती वेगाने काम करायचं, हे हेच हार्मोन ठरवतात. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पचन, पाळी, मुलांची उंची आणि मेंदूची वाढ, सगळं यांच्यावर अवलंबून असतं.

रिपोर्टमधला टीएसएच उलटा वाचायचा

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे. तिला शाळेचे मुख्याध्यापक समजा. थायरॉईडचं काम मंदावलं की मुख्याध्यापक आवाज चढवतात. हा आवाज म्हणजे टीएसएच. काम जरुरीपेक्षा जास्त होऊ लागलं की आवाज खाली येतो. म्हणून टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढला, असं नव्हे. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो: ग्रंथी कमी काम करते आहे.

हार्मोन कमी पडले तर थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळीत गडबड असा त्रास होतो. हार्मोन जास्त झाले तर छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, खाऊनही वजन घटणं, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं. ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही असतात, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. रक्ताच्या एका तपासणीत कळतं.

असं का होतं?

एक कारण आयोडीनची कमतरता. पूर्वी देशाच्या अनेक भागांत गळ्याला मोठी गाठ, म्हणजे गलगंड, असलेली माणसं सर्रास दिसत. १९५० च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं. गलगंड कमी झाले. १९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १७ मे २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला देशभर बंदी आली. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. पण ते रोज लागतं. सैंधव किंवा साधं खडेमीठ “नैसर्गिक” म्हणून वापरणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. मिठाची बरणी झाकून, ओलाव्यापासून आणि चुलीच्या धगीपासून दूर ठेवावी.

मीठ बरोबर असूनही आजार होतो, त्याचं मोठं कारण वेगळं आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. यात ग्रंथी हळूहळू मंदावते. दुसऱ्या प्रकारात, ग्रेव्हज आजारात, ती बेलगाम काम करते. दोन्ही बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात आणि घराण्यातही चालतात. याशिवाय ग्रंथीचं ऑपरेशन, काही औषधं आणि बाळंतपणानंतरची ग्रंथीची सूज हीही कारणं आहेत.

यात कुठेही नजर नाही, कुणाचा गुन्हा नाही. आणि हा संसर्गाने पसरणारा आजारही नाही. वाशीम जिल्हा सोयाबीनचा, म्हणून कुणी विचारतं, सोयाबीनमुळे होतो का? आयोडीन पुरेसं असेल तर सोयाबीन खाल्ल्याने हा आजार होत नाही. मात्र गोळीसोबत सोयाबीनचे पदार्थ खाल्ले तर गोळी नीट शोषली जात नाही.

गोळीबद्दल चार गोष्टी

हार्मोन कमी असेल तर डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. “सवय लागते” ही भीती चुकीची आहे. जो हार्मोन शरीर बनवत नाही, तोच बाहेरून दिला जातो. तो हलाल आहे का, असंही विचारलं जातं. पूर्वी जनावरांच्या वाळवलेल्या ग्रंथी औषध म्हणून देत. आज आपल्याकडे मिळणाऱ्या थायरॉक्सिनच्या गोळीतला हार्मोन कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतो.

गोळी रिकाम्या पोटी, पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. आशाताईंनी दिलेली लाल गोळी आणि ही गोळी एकदम गिळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रमजानमध्ये गोळी सोडायची गरज नाही. सहरीच्या अर्धा तास आधी उठून घेता येते, किंवा इफ्तारनंतर तीन-चार तास काही न खाता, तरावीहनंतर झोपताना. आपल्याला कोणती वेळ बरी, ते महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टी-४ हा रक्तात बरेच दिवस टिकतो, साधारण सात दिवसांनी निम्मा होतो. म्हणून गोळी सोडल्यावर आठवडाभर काहीच वाटत नाही आणि माणूस म्हणतो, “मी तर बरा झालो.” त्रास पुढे येतो.

गरोदरपणात सर्वात जास्त जपा

पहिले जवळपास तीन महिने पोटातलं बाळ थायरॉईड हार्मोनसाठी आईवरच अवलंबून असतं. त्याच्या मेंदूची घडण तेव्हाच सुरू असते. आणि नेमकं याच वेळी “पोटुशी आहेस, औषधं बंद कर” असा सल्ला घरातून मिळतो. ही गोळी बंद करायची नाही. उलट बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. दिवस राहिल्याचं कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

काही बाळं जन्मतःच थायरॉईडच्या कमतरतेची असतात. दिसायला ती ठणठणीत असू शकतात. टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन हे कळतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात. उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही. बाळंतपण जिथे होईल तिथे ही तपासणी मागून घ्या. शाळेतल्या मुलाची उंची अचानक थांबली, ते सुस्त झालं, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी टीएसएच बघा.

जास्त हार्मोनवरही इलाज आहे: गोळ्या, ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे असे उपचार होतात.

निकाहच्या बोलणीत मुलीची गोळी लपवावी लागू नये, एवढं आपण घरोघरी करू शकतो. लपवलेली गोळी सासरी जाऊन बंद होते आणि त्याची किंमत पुढे बाळाला मोजावी लागते. मुलाकडच्यांनी हे आधीच सांगून टाकावं: गोळी चालू आहे ना, मग चालू राहू द्या.