पाथरीची सनद आणि अमेरिकेतलं एलएलएम

"लेक पाच वर्षं वकिली शिकली. सनद घेतली. आता अजून काय शिकायचं राहिलं वकीलबाई, ते पण अमेरिकेत?" आमच्या पाथरीच्या कोर्टाबाहेर एका आईनं मला विचारलं. लेक बाजूलाच उभी होती. परदेशी एलएलएम करायचं, तेही आंतरराष्ट्रीय कायद्यात, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. आईच्या डोक्यात मात्र दोन गोष्टी होत्या, पैसा आणि लग्न. दोन्ही काही खोट्या नव्हेत.

मैत्रिणींनो, आधी तिथली रीत समजून घेऊ. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांत किंवा पदवीनंतर तीन वर्षांत वकील होता येतं. अमेरिकेत बारावीनंतर थेट कायदा शिकताच येत नाही. आधी कुठलीतरी पदवी घ्यायची आणि मग तीन वर्षांची जेडी करायची. आपल्याकडची एलएलबी झालेली मुलगी तिथं जाते ती बहुतेक वेळा एलएलएमला, आणि ते एका वर्षाचं असतं. पण एलएलएम केलं म्हणजे तिथं वकिली करता आली असं नाही. तिथं वकिलीसाठी त्या त्या राज्याची बार परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं बाहेरच्या देशात कायदा शिकलेल्यांना अटी घालून बसू देतात. तेव्हा "एक वर्ष शिकली की तिकडंच नोकरी" असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं!

बाबासाहेब अमेरिकेत वकिली शिकले, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. ते १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र आणि इतर समाजशास्त्रं शिकायला. बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून. कोलंबियानं त्यांना कायद्याची पदवी दिली ती १९५२ साली, सन्मान म्हणून, राज्यघटना लिहून झाल्यावर.

बायकांचं म्हणाल तर गोष्ट आणखी गमतीची आहे. आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि १८९२ साली परीक्षेला बसल्या. बाई म्हणून पदवी मात्र हातात पडायला पुढची तीसेक वर्षं गेली. आणि ज्या हार्वर्डच्या लॉ स्कूलचं नाव ऐकून आपण दबून जातो, त्यानं मुलींना पहिल्यांदा आत घेतलं ते १९५० साली. तोवर आपल्याकडे बायकांना वकिलीची मुभा देणारा १९२३ चा कायदा होऊन पाव शतक उलटलं होतं. दबून जायचं काही कारण नाही, एवढंच.

तिथलं शिकवणं मात्र वेगळं असतं. प्राध्यापक कलमं सांगत नाहीत. निकाल वाचून यायचे, वर्गात ते कुणालाही उभं करतात आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत सुटतात. हार्वर्डमध्ये १८७० च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत आजही चालते. नोट्स पाठ करून पास होणाऱ्या आपल्या मुलींना पहिले दोन महिने जड जातात. पण उलटतपासणीला उभं राहायचं ज्यांना, त्यांनी असलं शिक्षण घ्यावंच.

आता आंतरराष्ट्रीय कायदा. ऐकलं की हेगचं न्यायालय, समुद्राच्या हद्दी, युद्ध असलं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. तो एक भाग झाला, देशादेशांमधला. दुसरा भाग माणसामाणसांमधला. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, मूल तिसरीकडं, तर कुठल्या देशाचा कायदा लावायचा? हा दुसरा भाग थेट आपल्या अंगणात आलेला आहे, म्हणून मला त्याचं महत्त्व जास्त वाटतं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. अमेरिकेतलं स्थळ म्हणून घरच्यांनी थाटात लग्न लावलं. तो महिन्याभरात परत गेला, व्हिसाचं बघतो म्हणाला, आणि वर्षानं तिकडच्या कोर्टाचे कागद आले. फारकतीचे. मुलीच्या वडलांनी एकच विचारलं, "हे इथं चालतं का?"

सुप्रीम कोर्टानं १९९१ साली एका खटल्यात याचं उत्तर दिलेलं आहे. तिरुपतीला लग्न झालेल्या जोडप्यातल्या नवऱ्यानं अमेरिकेच्या मिसुरी राज्यातून घटस्फोट आणला होता. कोर्टानं तो मानला नाही. लग्न ज्या कायद्यानं झालं त्याच कायद्यातलं कारण हवं, आणि तिकडच्या कोर्टाला त्या कायद्यानं अधिकार हवा. नाहीतर बायकोनं तिथं स्वतःहून हजर होऊन बाजू मांडलेली हवी किंवा घटस्फोटाला संमती दिलेली हवी. म्हणून सांगते, तिकडून आलेल्या कागदावर आधी सही करू नका, आणि ट्रंकेत टाकूनही देऊ नका. वकिलाला दाखवा.

पण निम्मी लढाई पुढंच असते. इथल्या कोर्टानं पोटगी ठरवली तरी ती अमेरिकेतल्या नवऱ्याकडून वसूल कशी करायची? कोर्टाचे हुकूम परस्पर अमलात आणण्यासाठी आपल्या दिवाणी संहितेत ज्या देशांची सोय आहे, त्यांत ब्रिटन आहे, अमेरिका नाही. मूल घेऊन कुणी देश ओलांडला तर त्यासाठी १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत सामील नाही. सुप्रीम कोर्टानं १९९४ साली, अशाच एका सोडून दिलेल्या बाईच्या खटल्यात, परदेशी नवऱ्यांबाबत वेगळा कायदा करण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. २०१९ साली राज्यसभेत एक विधेयक आलं, कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं २८७ व्या अहवालात पुन्हा तीच मागणी केली. तीस वर्षं झाली बायांनो! हे दोन्हीकडचं कायद्याचं गणित जाणणारी बाई मुंबई-पुण्यात सापडेलही, पण परभणी-हिंगोलीच्या मुलीनं कुणाकडं जायचं? त्या लेकीला मी शीक म्हटलं ते एवढ्याचसाठी.

आता आईचा पहिला प्रश्न. नामवंत विद्यापीठात एका वर्षाची नुसती फी सत्तर-ऐंशी हजार डॉलर. राहणं-खाणं धरून लाखाच्या वर. म्हणजे आपले नव्वद लाखांच्या आसपास. हे शेत गहाण टाकून करायचं काम नव्हे, माझं मत स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर जावं, नाहीतर इथंच एलएलएम करावं.

शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत तीस टक्के जागा मुलींना आहेत, आणि तिच्यात भूमिहीन शेतमजुरांची व पारंपरिक कारागिरांची मुलंही बसतात. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याची वेगळी योजना आहे. टाटांचा जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, जातीची अट नाही. २०२२ ते २०२४ देशाचे सरन्यायाधीश असलेले धनंजय चंद्रचूड इनलॅक्स शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले होते, १९८३ ला एलएलएम आणि १९८६ ला डॉक्टरेट करून परत आले. ज्या घरात वडील स्वतः सरन्यायाधीश, त्या घरातल्या मुलाचं आणि कापूस वेचणाऱ्या घरातल्या लेकीचं गणित एक नाही, ते मला कळतं. पण अर्ज करायला दोघांनाही तीच फी आणि तेच कागद लागतात.

आणि लग्न? एका वर्षानं स्थळं संपत नाहीत हो.

कागदांचं मात्र आजपासून बघा. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज पावसाळा सरताना सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. प्रवेश पुढच्या ऑगस्टचा. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण लागतात, दोन-तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकांची विद्यापीठानं प्रमाणित केलेली प्रत लागते. परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या मुलींना त्यासाठी नांदेडला विद्यापीठात जावं लागतं. मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.