छातीतली धडधड : ताण म्हणून सोडावी की डॉक्टरांना दाखवावी?



या पानावर आम्ही एरवी लागणीचं अंतर, हुमणी आणि खोडव्याची खतं यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, आणि तो निवडण्यास आमचीच एक चूक कारण झाली.

मागे एका हंगामात, जानेवारी महिन्यात, वराळे गटातील एका सभासदाचा दोन एकर ऊस वीजतारांच्या ठिणगीने पेटला. आम्ही पोहोचलो तेव्हा तात्या छाती धरून बांधावर बसले होते. "साहेब, काळीज नुसतं धडधडतंय." आम्ही पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तात्या, टेन्शन घेऊ नका. जळिताला उद्याच टोळी लावतो." टोळी लावली, ऊस गेला, आणि विषय मिटला असं आम्ही धरून चाललो.

त्याच महिन्यात आमचीही छाती धडधडली. रात्रीचे अकरा, वाहनं कमी पडलेली, चारी बाजूंनी सभासदांचे फोन. नाडी मोजली तर ११८! हार्ट अटॅकच आला म्हणून धावत दवाखाना गाठला. ईसीजी स्वच्छ, रक्त तपासणी स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात चहा किती?" बोटं मोजली, अकरा कप भरले. प्रत्येक वस्तीवर आग्रह होतो, नाही म्हणवत नाही. कुठल्या घरी नाही म्हणावं, सांगा!

आम्ही शेतकी पदविकावाले, वैद्य नव्हे. पण त्या रात्री डॉक्टरांनी समजावलं ते असं. काट्यावर वाद झाला, बँकेची नोटीस आली, फड पेटला, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्याने हृदय जोरात पळतं. पळून जायला किंवा झुंजायला अंगाला रक्त लागतं, त्याची ही तयारी. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. ताणात ती वर जाते आणि कारण सरलं की हळूहळू खाली येते. जोडीला चहा, तंबाखू, मिश्री आणि जागरण असेल तर आणखी वाढते. अशी धडधड बहुधा धोक्याची नसते. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं हेही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं.

इथपर्यंत ऐकून आम्ही निवांत झालो. तात्या मात्र निवांत नव्हते.

तीन आठवड्यांनी ते ओट्यावर नुसते बसले होते. ना आग, ना भांडण. तरी धडधड सुरू झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी पुन्हा 'टेन्शन' म्हणून दुर्लक्ष केलंच असतं. काकूंनी ऐकलं नाही, जीपमध्ये घालून नेलं. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला आणि त्यात नाडीची लय पूर्ण बिघडलेली दिसली. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. तात्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू झाली. बांधावर त्या दिवशी आम्ही मनगट हातात घेतलं असतं तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. ते आम्ही केलं नाही.

तेव्हा नाडी पाहायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आकड्याइतकीच लय महत्त्वाची. सरीतली उगवण एकसारखी असावी तसे ठोके हवेत. एखादी नांगी पडली तर घाबरू नका. पण सगळी ओळच वेडीवाकडी असेल तर दाखवा. स्वस्थ बसल्यावर सुरू होणारी, दिवा लावावा तशी एकदम चालू आणि एकदम बंद होणारी, किंवा पुन:पुन्हा येणारी धडधड ताणाच्या खात्यावर टाकू नये. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. धडधडीबरोबर छातीत दाब, दम लागणं, गार घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ, किंवा शुद्ध हरपणं यांतलं काही असेल तर मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे.

ईसीजीविषयी एक गोष्ट. धडधड थांबल्यावर काढलेला कागद स्वच्छ येऊ शकतो. फड तुटून गेल्यावर रिकाम्या रानात जाऊन उसाचा उतारा विचारण्यासारखं ते आहे. म्हणून चालू असताना जाता आलं तर उत्तम. नाही तर २४ तास अंगावर बांधायचं यंत्र असतं, त्याबद्दल विचारा.

घरच्या बायकांची धडधड तर कोणी मोजतच नाही. "तिला सवयच आहे घाबरायची" हे वाक्य आम्ही पुष्कळ घरी ऐकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं, आणि रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं. थायरॉईड वाढल्यानेही धडधड होते. दोन्ही साध्या रक्त तपासणीत कळतात.

आणि फवारणीच्या दिवशी धडधड, घाम, तोंडाला लाळ, मळमळ असं झालं तर ते टेन्शन नव्हे. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्या स्मरणात असेलच.

शेजाऱ्याची 'हार्टची गोळी' मात्र कोणी घेऊ नये. दुसऱ्याच्या माती परीक्षणावर आपण खत टाकत नाही.

आम्ही चहा तीन कपांवर आणला आहे. तात्या तोडणीच्या चिठ्ठीवरून अजूनही आमच्याशी भांडतात. भांडून झालं की मनगट पुढं करतात. परवा मोजली, ८२ भरली. ओळ अजून वाकडीच आहे, पण गोळी चालू आहे आणि आडसालीची लागण त्यांनी वेळेवर उरकली.