वेबसाइटची सूत्रे गटाच्या हाती

आपल्या पिंगुळीची कळसूत्री बाहुली नाचते ती वरच्या दोऱ्यांवर. वेबसाइटचेही तसेच. गिऱ्हाइकाला दिसतात आपली आमसुले, आगळ, मालवणी मसाला आणि दर. मागे तीन दोऱ्या असतात.

पहिली डोमेन, म्हणजे साइटचे नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. मुदतीने नोंदवतात, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षे. मुदत टळली, नूतनीकरण राहिले, तर काही दिवसांनी ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

दुसरी सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला संगणक. त्यावर आपण भाड्याने जागा घेतो.

तिसरी, साइटचा तयार सांगाडा. २००३ साली आलेले वर्डप्रेस फुकट आहे, मराठीतही चालते. पण वेळोवेळी अपडेट केले नाही, तर भामट्यांना शिरायला फट मिळते.

म्हणून साइट बनवणाऱ्याला आधीच सांगा : डोमेन आणि सर्व्हरची खाती गटाच्या ईमेलवर हवीत, पासवर्ड अध्यक्ष-सचिवांकडे हवेत आणि साइटची एक प्रत दर महिन्याला आपल्याकडे हवी. नूतनीकरणाची तारीख ठराव रजिस्टरात लिहा. मग साइट बनवणारा मुलगा उद्या नोकरीसाठी मुंबईला गेला, तरी आपले दुकान चालूच राहील.